न धुतलेला रोल

गावात त्यांना समोर असताना काका म्हणत आणि पाठ वळली की हसू-नका.

बाजाराच्या टोकाला, चपलांच्या दुकानाला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ. आत शिरलं की राखाडी पडदा, त्याच्यापुढे गरगर फिरणारं स्टूल, आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा आणि खुंटीला एक काळा कोट. कंगवा बांधलेला, कारण लोक केस विंचरता विंचरता तो खिशात घालून चालू पडत. आणि कोटाचं म्हणाल तर त्याने गावातल्या निम्म्या पुरुषांना नोकरीला लावलं होतं. अंगात कोट, खाली घरातली विजार; फोटोत कमरेखालचं कोण बघतंय! गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की काकांचं ठरलेलं असे, "हनुवटी वर. डोळे इकडे. हसू नका."

ओळखपत्राला हसरा चेहरा चालत नाही, त्याला काका तरी काय करणार. पण नाव पडलं ते पडलंच. काकूंना त्याची फार गंमत वाटे. म्हणायच्या, "जगाला हसू नका सांगणारा हा माणूस स्वतःच्या लग्नात मात्र बत्तीशी काढून उभा होता. पुरावा आहे माझ्याकडे."

काकांचा जीव मात्र त्या स्टुलात कधीच रमला नाही. त्यांचा जीव बाहेर, मोकळ्या रानात. उन्हाळा लागला, शाळा बंद झाल्या, अर्जांचा मोसम सरला, की स्टुलावर धूळ बसायची आणि काकांच्या पायांना खाज सुटायची. मग दाराला पाटी लागे, ‘बाहेर गेलो आहे’, आणि नवरा-बायको उजाडताना पहिली बस धरून शेवटच्या थांब्यावर उतरत. तिथून पुढे धुळीची वाट, मग ओढा, मग दगडी बांध, मग चढण. काकांच्या गळ्यात जुना रोलचा कॅमेरा, काकूंच्या खांद्यावर स्टँड.

"जड ते बायकोने उचलायचं, हा संसाराचा नियम रानातही लागू का हो?"

"कॅमेरा नाजूक असतो."

"हो, मी मेली लोखंडाची."

पिशवीत पाण्याची बाटली, काकड्या आणि कागदाच्या पुडीत मीठ. थांब्यावर उतरल्या उतरल्या काकू हात जोडून, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. काका तेवढ्यात बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे. डोळे उघडून काकू म्हणायच्या, "तुमच्या वाटचंही सांगून ठेवलंय त्याला. चला."

रानात काकांचे दोन नियम होते. पहिला, फोटोत माणूस नको. "माणसं मी वर्षभर बघतो. डोंगराला तरी ओळखपत्र नको," असं म्हणून ते कॅमेऱ्याला डोळा लावत आणि हाताने खूण करत, "बाजूला हो." काकू छत्री सावरत बाजूला होत. आणखी. आणखी थोडं. कधी कधी काट्यांच्या झुडपापर्यंत. "माझा अर्धा जन्म बाजूला होण्यात गेला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, पण सांगताना डोळे हसरे असत.

दुसरा नियम, प्रत्येक रोलचा शेवटचा फोटो काकूंचा. म्हणजे बटण काकूंनी दाबायचं, आणि कशाचाही घ्यायचा. त्या कशाचाही घेत. अर्धी खाल्लेली काकडी. स्वतःचे धुळीने माखलेले पाय. आणि पुष्कळदा पाठमोरी शेळी. काका मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचे, तेव्हा टेकड्यांमागून टेकड्या, ढगांमागून ढग, आणि सगळ्यात शेवटी शेळीचं शेपूट. "देवा रे," ते कपाळाला हात लावत. पण तोही फोटो नीट कागदावर काढून, सुकवून ठेवत.

आता चक्रीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं.

त्या जुन्या कॅमेऱ्यात रोल घालायचा म्हणजे त्याची डबीबाहेर आलेली जीभ एका फटीत अडकवायची, झाकण लावायचं आणि रोल पुढे सरकवणारा खटका ओढायचा. जीभ नीट अडकली असेल तर खटका ओढताच वरची डावीकडची चक्री फिरते. ती फिरली नाही, तर समजावं की रोल आपल्या डबीतच झोपलाय. बटण दाबलं जातं, आवाज होतो, फोटोंचा आकडाही पुढे सरकतो. फक्त फोटो निघत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात काकांची अशी फजिती झाली होती. दिवसभराची पायपीट, आणि घरी येऊन बघतात तर रोल कोरा करकरीत. धंद्याने फोटोवाला आणि ही चूक! रात्री ताटावर बसले, पण घास उचलेना. नव्या नवरीने हळूच विचारलं, "ते कळतं कशावरून?" त्यांनी चक्री दाखवली. ती म्हणाली, "मग तुम्ही समोर बघा. चक्री मी बघेन."

तेव्हापासून ते काम काकूंचं. काका झाकण लावून खटका ओढत, नजर मात्र समोरच्या उतारावर कुठे ऊन पडतंय तिकडे. विचारत, "फिरतेय?" काकू वाकून बघत आणि सांगत, "फिरतेय." त्यानंतर असा घोटाळा कधी झाला नाही. तो शब्दच मग घरचा होऊन बसला. ताप उतरला का? फिरतेय. वरण शिजलं का? फिरतेय. मुलगी परक्या गावी नोकरीला गेली, तिने फोनवर विचारलं, आई, बरी आहेस ना? "फिरतेय गं."

तो उन्हाळा आला तेव्हा काकू मोठ्या दुखण्यातून उठल्या होत्या. म्हणजे उठल्या आहेत असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, चालू द्या, जपून. काकांनी स्टँड स्वतःच्या खांद्यावर घेतला, तर काकू म्हणाल्या, "लोखंडाला गंज चढला वाटतं." वाटेने मात्र त्यांनी काकांचा दंड धरला. इतक्या वर्षांत रानात कधी धरला नव्हता. अशक्तपणा असेल, काकांनी मनाशी म्हटलं, आणि बरंही वाटलं त्यांना.

घरी रोज सकाळी काकू खिडकीपाशी पोथी मांडीवर उघडून बसत आणि नेमका त्याच वेळी मुलीचा फोन येई. पोथी मांडीवर, फोन कानाला. काका चहाचा कप घेऊन जाता जाता विचारत, "मायलेकींचं रोज एवढं काय चालतं?"

"तुमच्या चहाड्या."

एकदा काकांच्या लक्षात आलं की पान काही उलटत नाही. ध्यान लागलं असेल, म्हणून ते पावलं न वाजवता निघून गेले.

आणि रानात काकूंनी एक नवीनच सुरू केलं. बसल्या जागेवरून विचारत, "काय दिसतंय? सांगा ना."

"तुला दिसत नाही का?"

"दिसतंय हो. तुमच्या तोंडून ऐकायचंय. इतक्या वर्षांत ‘बाजूला हो’ सोडून दुसरं काय बोललात?"

काका घुटमळले. "टेकडी आहे."

"बरं. आणि?"

"गवत."

"अहो, पाटी वाचल्यासारखं काय बोलता? कसलं गवत?"

"वाळलेलं." काकांनी डोळे बारीक केले. "साखर कढईत भाजली की होते ना, तसल्या रंगाचं. वर वर उजळ, मुळाशी तांबूस. मधेच वारा आला की सगळं एका बाजूला कलंडतंय, कुणीतरी हात फिरवल्यासारखं."

"हं," काकू म्हणाल्या. "आत्ता आली टेकडी."

मग त्या उन्हाळाभर काका बोलत राहिले. आधी अडखळत, मग सराईतपणे. ओढ्याचं पाणी आटून दगड कसे वर आलेत, ढगाची सावली उतारावरून कशी घसरतेय, लांबच्या वाटेवर कोण चाललंय. फोटो थोडे आणि बोलणं फार. काकू ऐकत, काकडी चावत.

शेवटच्या फेरीला थांब्यावरच्या बाकावर बसून काकांनी नवा रोल घातला. झाकण लावलं. खटका ओढला. समोरच्या चढावर पहिलं ऊन नुकतं टेकत होतं, तिकडे बघत त्यांनी विचारलं, "फिरतेय?"

"फिरतेय," काकू म्हणाल्या.

दिवस सुरेख गेला. धाप लागत होती तरी काकूंनी माथा सोडला नाही. माथ्यावर एकच झाड आहे, वाऱ्याने एका अंगाला वाकलेलं. काकांनी त्याचे फोटो प्रत्येक उन्हाळ्यात घेतले होते. त्यांनी स्टँड लावला, डोळा लावला आणि सवयीने हात हलवला.

काकू हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आज मला घ्या."

"अं?"

"चौकटीत घ्या मला. बाजूला व्हायचा कंटाळा आला."

"अगं, डोंगराच्या फोटोत..."

"डोंगराला नसेल लागत ओळखपत्र. मला द्या एक. वर गेल्यावर देवाने विचारलं, कुठे होतीस गं इतके उन्हाळे, तर दाखवायला काही नको?"

काकांनी त्यांना झाडाखाली उभं केलं, छत्री बाजूला ठेवायला लावली, डोक्यावरची उन्हाची टोपी जरा मागे सारायला सांगितली. आणि जन्माची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "हनुवटी वर. डोळे इकडे. हसू नका."

काकू अशा हसल्या की टोपी उडून गवतात पडली. उन्हाने रापलेला चेहरा, विस्कटलेले पांढरे केस, झाडाच्या बुंध्यावर टेकलेला हात. काकांनी बटण दाबलं. हजारो माणसांच्या पापण्या ओळखणारा तो माणूस. फोटो साधला की त्यांना बोटातच कळायचं. ते म्हणाले, "मिळाला." हा शब्द ते वर्षातून एखाद्या वेळीच काढत.

रोलवर एक फोटो उरला होता. त्यांनी कॅमेरा पुढे केला, "घे, शेवटचा तुझा."

काकू दगडावर बसल्या होत्या. "आज दमले हो. असू दे तो शिल्लक. म्हणजे पुन्हा यावं लागेल."

पुन्हा येणं झालं नाही. झाडांची पानं गळायला लागायच्या आत काकू गेल्या. दवाखान्यात शेवटी शेवटी काका विचारत, कशी आहेस, तर ओठ हलत तेवढे. शब्द कोणता ते काकांना ऐकावं लागत नसे.

भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर लग्नानंतरचा एकटीचा असा एकच सापडला, स्टुडिओतल्या स्टुलावरचा, ओळखपत्राचा. तोच मोठा करून लावला. मुलगी आली, बघून म्हणाली, "बाबा, ही आई नाही. ही डॉक्टरकडे नंबर लावून बसलेली कुणीतरी बाई आहे."

"खरी आहे ती कॅमेऱ्यात," काका म्हणाले. "झाडाखाली. हसतेय."

"मग धुवा ना तो रोल! वाट कसली बघताय?"

"एक फोटो शिल्लक आहे."

"मग टेबलाचा घ्या, खुर्चीचा घ्या."

"शेवटचा तिचा असतो. मी कसा घेऊ?"

मुलीने कपाळावर हात मारला, पण वाद घातला नाही. आईविना बाप एकटा, कपाटावर ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे बघत जेवतो, हे तिला दिसत होतं. सारा थंडीचा काळ काकांनी त्या कॅमेऱ्यावर काढला म्हणा ना. भिंतीवरच्या करड्या चेहऱ्याने जीव घाबरला की ते कपाटाकडे बघत. त्यांनी एक चौकटही आणून भिंतीवर लावून ठेवली होती, रिकामी. येणाऱ्याला सांगत, "हिच्यात यायचाय फोटो. उन्हाळा लागू दे."

उन्हाळा लागला तशी मुलगी रजा काढून आली. म्हणाली, "शेवटचा फोटो मी घेते. आईच्या पोटची आहे, चालेल ना?" काकांनी विचार केला आणि मान हलवली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी अंधाऱ्या खोलीत थाळ्या घासून पुसून मांडल्या, नवी औषधं आणून ठेवली, दोरीला चिमटे लावले. पाहुणा यायचा असला की घर आवरतात, तसं.

शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर मुलीने आईसारखे हात जोडले. काका नाडी बांधायला वाकले, आणि मग तसेच वाकून राहिले थोडा वेळ.

"स्टँड द्या इकडे," मुलगी म्हणाली. "जड ते बायकांनी उचलायचं ना?"

"तिने हेही सांगितलं तुला?"

"सगळं सांगायची. तुमच्या चहाड्या होत्या ना रोज."

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. झाड तसंच, एका अंगाला वाकलेलं. गवत वाळलेलं. मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, "भाजलेल्या साखरेसारखं." काकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं, पण ती कॅमेऱ्याशी खटपट करत होती. शेळी कुठे दिसेना, म्हणून तिने काकांच्या बुटांचा फोटो घेतला, एक नाडी सुटलेली. बटण वाजलं. सवयीने तिने खटका ओढला.

"जोर करू नकोस. रोल संपलाय, अडेल आता."

"अडत नाहीये, बाबा."

तिने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा ओढला. खटका गेला, लोण्यातून सुरी जावी तसा. काकांच्या कानावर तो आवाज पडला. दाणे संपलेलं जातं फिरावं तसा हलका, पोकळ.

"चक्री बघ," ते म्हणाले.

तिने ओढला. बघितलं. पुन्हा ओढला.

"फिरतेय?"

मुलीने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

काकांनी कॅमेरा घेतला, झाडाच्या सावलीत बसले आणि अंगावरच्या सदऱ्याच्या आडोशाने झाकण उघडलं. रोलची जीभ फटीच्या बाहेर सरळ पडली होती. दुकानातून आली तशी. एकही टेकडी नाही, एकही ढग नाही. झाडाखाली कुणी नाही.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, हरवलेली किल्ली शोधताना असतो तसा. "मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, फिरतेय. मी नीट विचारलं होतं."

मुलगी त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, आईला दिसत नव्हतं."

"काय?"

"त्या उन्हाळ्यात. जवळचं तर काहीच नाही. लांबचंही नुसतं धूसर. दुखण्यानेच झालेलं, डॉक्टर म्हणाले होते, इलाज नाही. तिने मला शपथ घातली होती. म्हणायची, त्यांना कळलं तर माझा हात धरून घरात बसतील आणि आम्ही दोघं भिंत बघू. मला डोंगर हवाय."

"ती रोज पोथी वाचायची."

"मी वाचायचे फोनवर. ती ऐकायची."

काका त्या न उलटलेल्या पानाकडे बघत असावेत, कारण समोर तर काही नव्हतं. गिऱ्हाइकाची पापणी निमिषभर लवली तरी ज्यांना कळायची, त्यांच्या समोर, चहाच्या कपाच्या अंतरावर, हे सगळं चाललेलं. आणि आपण काय केलं, तर पावलं न वाजवता निघून गेलो.

"मग ती विचारायची ते," ते म्हणाले, "काय दिसतंय, सांगा ना..."

"संध्याकाळी मला फोन करून सगळं सांगायची. ढगाची सावली, ओढ्यातले दगड. म्हणायची, तुझ्या बाबांना बोलता येतं गं, मला इतकी वर्षं पत्ताच नव्हता."

त्या बाईने चक्री बघितली नव्हती. बघता येतच नव्हती. पण "दिसत नाही" म्हटलं असतं तर त्याच बाकावरून घरची बस धरावी लागली असती. देवाने एवढा एक फोटो तरी राखायला हरकत नव्हती, असं मनात येतं. पण त्याच्या कारभारात आपण कुठे डोकावणार.

काका रागावतील असं मुलीला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हसली होती गं. टोपी उडाली होती." आणि मग गुडघ्यांत डोकं घालून रडले, तोंडावर हात न ठेवता, रानात ऐकायला कोणी नसतं तसे. मुलीने थांबवलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी सदऱ्याच्या बाहीने चेहरा पुसला. रोल अजून कोराच होता, अख्खा. त्यांनी जीभ फटीत घातली, बोटाने दाबून पाहिली, झाकण लावलं, खटका ओढला, आणि सवयीने समोरच्या उताराकडे बघितलं. वर्षानुवर्षं याच्यानंतर एक शब्द यायचा.

"फिरतेय, बाबा," मुलगी म्हणाली. "मी बघितलंय. हात लावून बघितलंय."

काका उठले. स्टँड लावला. कॅमेऱ्याला डोळा लावला. झाड, गवत, मागे टेकडीची कड, वर पांढरं आभाळ. चौकटीत कोणी नव्हतं. जन्मभर हात हलवून हलवून त्यांनी जशी मागितली, तशी ती होती, अगदी मोकळी.

त्यांनी बटण दाबलं नाही. डोळा न काढता म्हणाले, "तू जा तिथे. झाडाखाली उभी राहा."

"मी? डोंगरात माणूस नको ना तुम्हाला?"

"उभी राहा."

ती गेली. जिथे आई उभी होती तिथे बुंध्यावर हात टेकून उभी राहिली, डोळे सुजलेले, नाक लाल. काकांच्या तोंडात ती जुनी तीन वाक्यं आली. दोन त्यांनी म्हटली, "हनुवटी वर. डोळे इकडे." तिसऱ्याशी अडले.

"हस गं जरा," हसू-नका म्हणाले.

मुलीने प्रयत्न केला. ओठ ताणले, पण त्यांचं हसू काही होईना. काका बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिले. वारा आला, गवत एका बाजूला कलंडलं, पुन्हा सरळ झालं. ते वाट बघत राहिले.